‘सस्पेन्सला टाकू का?’

सहकारी बँकेचं डेटा मायग्रेशन, म्हणजे जुन्या प्रणालीतली खाती नव्या प्रणालीत हलवणं, आम्ही दुसऱ्या शनिवारला जोडून ठेवतो. शुक्रवारचा डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, झाला की सोमवारी शाखा उघडेपर्यंतचा वेळ आपला. त्या शनिवारी रात्री पावणेबाराला फोन आला.

“सर, मुदत ठेवींचं देय व्याज लेजरशी जुळत नाहीये. फरक फक्त १,८४६ रुपये. सस्पेन्सला टाकू का?”

सस्पेन्स म्हणजे न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं. विचारणारा आमचा सगळ्यात चलाख प्रोजेक्ट मॅनेजर. ग्राहक दर आठवड्याला मत बदलतो अशा नव्या अ‍ॅपवर हा सोनं. सकाळी निर्णय घेतो, चुकला तर दुपारी फिरवतो. त्याला मायग्रेशन मी दिलं, कारण एकच: त्या महिन्यात तो मोकळा होता.

फरक छोटा दिसला की जास्त घाबरावं. तो निव्वळ असतो. आत जादा-कमी एकमेकांना खाऊन बसलेले असतात. दुसऱ्या मॅनेजरला उठवलं. संथ, यादी सोडून न हलणारी. तिचा पहिला प्रश्न, “रोलबॅकची, म्हणजे जुन्या प्रणालीवर परतण्याची, शेवटची वेळ?” रविवारी दुपारी दोन. “मग चौदा तास आहेत, सर.” तिने फरक आधी शाखावार फोडला, मग योजनावार, मग खातेवार.

साडेचारला सापडलं. मुदत संपून नूतनीकरण न झालेल्या अकरा ठेवींवर नवी प्रणाली मूळ दरच लावत होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या नियमाप्रमाणे तिथे बचत खात्याचा किंवा ठेवीचा, यांतला कमी दर लागतो. उलट जुन्या नोंदींत जन्मतारीखच नव्हती अशा ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का गळाला होता. सस्पेन्सला टाकलं असतं तर लेजर जुळलं असतं आणि खाती चुकीचीच राहिली असती. दोन फायली पुन्हा चढवल्या, नवाला ताळमेळ बसला.

आता प्रकल्प देताना प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक टर्नर आणि कॉक्रन यांनी १९९३मध्ये मांडलेले दोन प्रश्न विचारतो: काय करायचं ते ठरलंय का, आणि कसं करायचं ते ठाऊक आहे का? मायग्रेशनमध्ये दोन्हींना ‘हो’, अ‍ॅपमध्ये बहुधा दोन्हींना ‘नाही’. मॅनेजर निवडताना व्यक्तिमत्त्व चाचणीवर माझा फार भरवसा नाही. हव्या त्या उत्तरावर कुणालाही खूण करता येते. त्यापेक्षा विचारतो, “मागच्या कामात न जुळलेला एखादा आकडा सांगा. त्याचं काय केलंत?”

त्या दुसऱ्या मॅनेजरला पुढे अ‍ॅप दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यातही ती रिक्वायरमेंटवर ग्राहकाची सही मागत होती.