रात्रीचं पाणी आणि माझा चौथीचा वर्ग

हे लिहायला जरा लाजच वाटतीय कारण यात चूक माझीच आहे. पण आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या मुलांना दयाळूपणा कसा शिकवायचा असले फॉरवर्ड रोज पडतात, खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि ते बघितलं की मला माझाच वर्ग आठवतो, म्हणून लिहितेय.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. ३८ पोरं. निम्म्याहून जास्त घरात तेलुगू बोलणारी, थोडी कन्नड, चार-पाच उर्दू, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांची भाषा एकच, "काय बे" नि "चल बे". बऱ्याच जणांच्या आया विड्या करतात, वडील यंत्रमागावर.

त्यातला एक मुलगा खिडकीशेजारी बसायचा. हुशार, पाढे तोंडपाठ, पण दुसरा तास सुरू झाला की डोकं बाकावर. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मी म्हणलं, "उठा कुंभकर्ण महाराज, सकाळ झाली!" वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. वर्ग आपल्या बोलण्यावर हसला की कुठल्याही बाईला बरं वाटतंच, नाही म्हणणारी खोटं बोलतेय.

आठवड्याभरात त्याचं खरं नाव फक्त हजेरीत उरलं. खिचडीच्या रांगेत कुंभकर्ण, कबड्डीत कुंभकर्ण, डोकं टेकलं की कानाशी डब्याचं झाकण वाजवायचे. मी दोघा-तिघांना रागावले पण, चिडवायचं नाही म्हणून! मीच दिलेलं नाव आणि मीच रागावतेय हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तो एकदाही तक्रार घेऊन आला नाही. मग हळूहळू खाडे व्हायला लागले, आधी एक दिवस, मग सलग तीन.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी गेले. पत्र्याची खोली, दारात दोन निळे ड्रम. आई उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बसलेली, कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, आणि टाकली सुपात. माझ्याशी बोलताना ती माझ्याकडं बघत होती पण हात थांबत नव्हते, कारण हजार झाल्याशिवाय त्या दिवसाचा हिशोब बसत नाही. म्हणली, "पाणी रात्री अडीच-तीनला येतंय ओ बाई. यांची रातपाळी, मोठी पोरगी गावाकडं आजीपाशी. मग हाच पाइप धरतोय."

बाहेरच्यांना सांगते, उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून पाइपानं आमच्या शहरात येतं, आणि घरातल्या नळाला येतं चार-पाच दिवसांनी, ते कधी येईल त्याचा नेम नाही. आलं की झोपेतून उठून भरायचं, नाहीतर पुढचे चार दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं. मी पण सोलापूरचीच, हे सगळं मला माहीत आहे, फक्त आमच्या अपार्टमेंटला खाली टाकी आहे आणि मोटर वॉचमन लावतो. त्यामुळं नऊ वर्षांचं पोरगं का झोपतंय, तर मला आळशीपणा सुचला, मोबाइल सुचला, पाणी काही सुचलं नाही.

निघताना ती म्हणली, "तुम्ही त्याला लाडानं म्हणता ना कुंभकर्ण?"

मी हो म्हणले. अजून काय म्हणणार होते.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी. ट्रेनिंगला किमान चार वेळा ऐकलंय. मानसिक त्रास म्हणलं की माझ्या डोळ्यासमोर खेकसणारे, पट्टी आपटणारे मास्तर यायचे, हसत हसत ठेवलेलं नाव कधीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतलं, आणि वर्गासमोर सांगितलं की नाव मी ठेवलं होतं, चुकलं, आता कुणी म्हणायचं नाही, मी पण नाही. वर्ग गप्प. त्यालाच जास्त अवघडल्यासारखं झालं, खाली बघून बाकाचं लाकूड खरवडत बसला. वाटलं, माफी पण मी माझ्याच सोयीनं मागितली की काय, त्याला एकट्याला विचारून मागायला पाहिजे होती.

पाण्याचं कारण मी कुणाला सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून हजेरीच्या आधी सगळ्यांनाच विचारते, काल रात्री कुणाकडं पाणी आलं होतं? पहिल्या दिवशी अकरा हात वर. अकरा! त्यांनी पहिल्या तासाला हवं तर डोकं टेकायचं, शेजाऱ्यानं वही दाखवायची, एवढाच नियम. तिसऱ्याच दिवशी एकानं उगाच हात वर केला तर मागून लगेच, "बाई खोटं बोलतोय, आमच्याच बोळातला आहे, काल पाणीच नव्हतं!" म्हणजे तपासणी पण परस्पर व्हायला लागली. आता तर मी यायच्या आधी मराठी बोलणारी पोरं पण एकमेकांना विचारतात, "नील्लु वच्चिनया बे?" म्हणजे तेलुगूत, पाणी आलं का बे?

शनिवारी दप्तर नसतं, तेव्हा गप्पा होतात. एकदा डिसले गुरुजींचं सांगितलं, आपल्याच जिल्ह्यातली परितेवाडीची झेडपी शाळा, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर, आणि त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून दिले. ट्रेनिंगला आम्हाला त्यांचं पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचंच सांगतात, पोरांना मात्र ते अर्धेच खटकले. एकजण म्हणला, "येडे आहेत का ओ बाई?" अर्धा तास भांडण. शेवटी खिडकीशेजारून आवाज आला, "ते नऊ जण पण तेवढेच दमले असतील की." एवढं बोलून परत बाहेर बघायला लागला.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. परवा कबड्डीत चिडून कुणीतरी परत कुंभकर्ण म्हणलंच. त्यानं पण त्याला ढकललं आणि दोघांचे गुडघे फुटले, मलम लावून झालं.

आता वेगळीच काळजी आहे. उन्हाळा आला की सकाळची शाळा, ७ ला घंटा, कारण दुपारी सोलापुरात ४२-४३ डिग्रीत पोरं आणणार कशी. आणि उन्हाळ्यातच पाणी अजून लांबतं. अडीचला ड्रम, सातला प्रार्थना. हेडसरांना म्हणलंय की पहिला तास गणित नको, चित्रकला नाहीतर गोष्टी ठेवा, निदान चौथीला तरी. म्हणले, वेळापत्रक लागायचंय अजून, बघू.