परक्या बॅकअपने बंद पडलेला स्विच

बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळच्या आमच्या दुकानात जे गेम कन्सोल दुरुस्तीला येतात, त्यांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात: जॉय-कॉनची स्टिक आपोआप सरकते, चार्जिंगचा सॉकेट सैल झाला आहे, पंखा आवाज करतो. चीट, म्हणजे खेळात फसवून फायदा मिळवण्याच्या युक्त्या, चालवण्यासाठी बसवलेल्या होमब्रूमुळे (कंपनीची मान्यता नसलेल्या हौशी प्रोग्रॅममुळे) पूर्ण बंद पडलेला कन्सोल क्वचितच येतो, आणि आलाच तर त्याचा मालक अर्धीच हकीकत सांगतो. गेल्या पावसाळ्यात कोथरूडहून एक भाऊ-बहीण निन्टेंडो स्विच घेऊन आले, तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या भावाने मात्र काहीही न लपवता सगळे सांगितले, आणि त्या दिवशी जे काम होऊ शकले ते त्यामुळेच.

हा कन्सोल त्यांच्या घरात 2020 मध्ये जुना म्हणून विकत घेतला गेला होता आणि तो सुरुवातीच्या उत्पादनातला होता. स्विच मार्च 2017 मध्ये बाजारात आला. त्यातल्या एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स1 चिपमध्ये, बूटरॉम नावाच्या अगदी पहिल्या प्रोग्रॅममध्ये, यूएसबीवरून येणाऱ्या माहितीची लांबी नीट न तपासण्याची त्रुटी राहून गेली होती. केट टेमकिन यांनी ती एप्रिल 2018 मध्ये ‘फ्युझे जेले’ या नावाने जाहीर केली. बूटरॉम कारखान्यातच चिपमध्ये कायमचा बसवला जात असल्यामुळे आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांमधली ही त्रुटी कोणत्याही अपडेटने बुजवता येत नाही, म्हणूनच त्या काळातल्या कन्सोलवर ‘अ‍ॅटमॉस्फिअर’सारखे कस्टम फर्मवेअर, म्हणजे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्यांनी केलेला बदल, आजही चालते. भावाला कॉलेजातल्या एका सीनियरने ते बसवून दिले आणि सोबत चीट हाताळणारे ‘एडिझॉन’ही दिले.

चीटचे तंत्र ऐकायला सोपे आहे. खेळ चालू असताना त्याच्या मेमरीतल्या एका पत्त्यावर आपल्याला हवा तो आकडा लिहायचा, आणि गरज असेल तर तो पुनःपुन्हा लिहीत राहायचे. मग पैसे संपत नाहीत, खेळाडू मरत नाही, वस्तू हव्या तितक्या मिळतात. पण हा पत्ता खेळाच्या त्या एका आवृत्तीपुरताच बरोबर असतो. म्हणून चीटच्या फाइलला त्या आवृत्तीच्या बिल्ड आयडीतल्या (ओळख-क्रमांकातल्या) पहिल्या 16 अक्षरांचे नाव द्यावे लागते, आणि नाव जुळले नाही तर अ‍ॅटमॉस्फिअर ती फाइल उचलतच नाही. ही अडचण नव्हे, हे संरक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे. अनेक जण खेळाचे अपडेट आल्यावर जुन्याच फाइलचे नाव बदलून ती नव्या आवृत्तीला लावतात आणि मग आकडा भलत्याच जागी लिहिला जातो. खेळ तिथल्या तिथे कोसळला तर फारसे नुकसान होत नाही. तो न कोसळता चालत राहिला आणि त्याने आपोआप सेव्ह केले, तर मेमरीतला बिघाड सेव्हमध्ये कायमचा जाऊन बसतो.

या मुलाच्या बाबतीत घात निराळ्या ठिकाणी झाला. मेमरी कार्डावर वेगळी एम्युएमएमसी, म्हणजे कन्सोलच्या अंतर्गत साठ्याची स्वतंत्र प्रत, न करता त्याने सगळे प्रयोग मूळ साठ्यावरच केले होते आणि वायफायही चालू ठेवले होते. कन्सोल निन्टेंडोच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा त्याच्या वापराच्या नोंदीही जातात. एके दिवशी स्क्रीनवर 2124-4007 हा क्रमांक आला. त्याचा अर्थ असा की बंदी खात्यावर नव्हे, त्या यंत्रावरच घातली गेली आहे. प्रत्येक स्विचच्या साठ्यात सुरुवातीलाच ‘प्रॉडइन्फो’ नावाचा भाग असतो, त्यात त्या यंत्राचे स्वतःचे प्रमाणपत्र असते आणि बंदी त्या प्रमाणपत्राला चिकटते. दुसऱ्या एखाद्या कन्सोलचा बॅकअप चढवला की बंदी उठते, असे त्याला कोणीतरी सांगितले. त्याने तसा एक बॅकअप कुठूनतरी उतरवून घेतला, ‘हेकाटे’ या साठ्याची प्रत काढणाऱ्या आणि चढवणाऱ्या प्रोग्रॅममधून तो स्वतःच्या यंत्रावर चढवायला सुरुवात केली आणि मध्येच कार्ड वाचताना त्रुटी आल्याने ते काम थांबले.

“ताई, तेव्हापासून चालूच होत नाही. स्क्रीन काळीच आहे,” तो म्हणाला.

बहिणीचा प्रश्न वेगळा होता. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा खेळ 20 मार्च 2020 रोजी आला, आणि टाळेबंदीच्या त्या महिन्यांत तिने आणि मावसभावंडांनी मिळून त्यातले बेट उभे केले होते. या खेळात एका कन्सोलवर एकच बेट असते, घरातल्या सगळ्यांची घरे त्याच बेटावर असतात आणि इतर खेळांच्या सेव्हप्रमाणे त्याची क्लाउडवर साधी प्रत ठेवली जात नाही. “चीट दादाने केलं, मग माझं बेट का गेलं?” असे तिने विचारले. त्या प्रश्नात राग होता आणि तो पूर्णपणे रास्त होता.

मी कन्सोल यूएसबी केबलने संगणकाला जोडला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एपीएक्स’ हे नाव दिसले, आणि चिप जिवंत असून आरसीएम या दुरुस्तीच्या अवस्थेत अडकली आहे हे स्पष्ट झाले. बूट विभागात, म्हणजे यंत्र चालू होताना आधी वाचते त्या भागात, परका मजकूर गेल्यावर ते पुढे जात नव्हते. स्विचचा अंतर्गत साठा ज्या चाव्यांनी कुलूपबंद असतो त्या प्रत्येक यंत्रात वेगळ्या असतात आणि त्या यंत्राच्या चिपमधल्या गुपितांपासून तयार होतात. म्हणून एका स्विचचा बॅकअप दुसऱ्यात तसाच चढवला तर त्या यंत्राला त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही.

हेकाटे चालू होताच मी दुरुस्तीला हात न लावता आधी त्या बिघडलेल्या साठ्याची जशीच्या तशी प्रत काढून घेतली. सुमारे 29 जीबीचे हे काम वेळ खाते आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असते, तरी ही पायरी मी कधीही गाळत नाही. मग त्याच यंत्रातून त्याच्या चाव्या काढल्या आणि ती प्रत संगणकावर एनएक्सनँडमॅनेजर या साठ्याचे विभाग उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. प्रॉडइन्फो, सेफ आणि सिस्टीम या विभागांना त्या चाव्या जुळत नव्हत्या. शेवटचा आणि सर्वांत मोठा ‘यूजर’ विभाग मात्र उघडला. साठा पहिल्या भागापासून क्रमाने लिहिला जातो आणि यूजर विभाग अगदी शेवटी असतो. कार्डाच्या त्रुटीने काम मध्येच थांबल्यामुळे परका मजकूर तिथपर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि खेळांचे सेव्ह त्याच विभागात असतात.

आता या यंत्राचा स्वतःचा प्रॉडइन्फो हवा होता, आणि तो जगात दुसरीकडे कुठेही मिळण्यासारखा नव्हता. सुरुवातीला तुझ्या सीनियरने बॅकअप घेतला होता का, असे मी विचारले. त्याला आठवेना. त्याने तिथूनच सीनियरला फोन लावला, तेव्हा कळले की त्या भल्या मुलाने बूटचे दोन्ही विभाग आणि पूर्ण साठा अशी प्रत घेऊन आपल्या हार्ड डिस्कवर जपून ठेवली होती. तो डेक्कनहून दुपारी डिस्क घेऊन आला. चाव्या सगळ्या विभागांना बरोबर लागल्या. त्या जुन्या प्रतीतून मी बूट आणि प्रॉडइन्फोपासून सिस्टीमपर्यंतचे विभाग परत बसवले आणि यूजर विभागाला स्पर्शही केला नाही. कोणता सेव्ह कोणत्या खेळाचा याची नोंद सिस्टीम विभागात असते. बेटाचा सेव्ह ती प्रत घेण्याच्या आधीपासूनचा असल्यामुळे जुन्या नोंदीलाही तो सापडणार होता, आणि खेळ कार्ट्रिजवर असल्याने नव्याने काही उतरवण्याची गरज नव्हती. संध्याकाळी बेट उघडले, तेही शेवटच्या दिवशी ती खेळली होती त्याच अवस्थेत. त्या प्रतीनंतर भावाने सुरू केलेले काही खेळ मात्र नोंदीअभावी हरवले.

“आता ऑनलाइन चालेल ना?” भावाने विचारले. चालणार नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. मूळ प्रमाणपत्र परत आले म्हणजे त्याला चिकटलेली बंदीही परत आली, आणि ती उठवण्याचा मार्ग माझ्याकडे नाही. मी हेही सांगितले की, संरक्षण तोडून हक्काचे उल्लंघन करणाऱ्याला भारताच्या कॉपीराइट कायद्यात 2012 पासून कलम 65अ लागू आहे. अनोळखी ठिकाणची फाइल कन्सोलवर चालवण्याचा धोकाही नवा नाही: ऑक्टोबर 2005 मध्ये सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलसाठी आलेल्या एका फसव्या फाइलने यंत्रातल्या आवश्यक सिस्टीम फाइली पुसून कन्सोल निकामी केले होते.

चीट करायचेच असेल तर ते वायफाय बंद ठेवून, वेगळ्या एम्युएमएमसीवर, आधी सेव्हची प्रत काढून आणि फक्त एकट्याने खेळायच्या खेळात, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले. नव्याने घेतलेला पूर्ण बॅकअप मी त्याला दोन ठिकाणी ठेवायला दिला, त्यातली एक प्रत बहिणीच्या लॅपटॉपवर. उतरवलेल्या परक्या बॅकअपसोबत त्या यंत्राच्या चाव्यांची फाइलही होती, म्हणजे कोणा अनोळखी माणसाच्या कन्सोलची सगळी ओळख त्याच्या लॅपटॉपवर उघडी पडली होती. ते दोन्ही त्याने निघण्यापूर्वी माझ्यासमोर पुसून टाकले.