"सवय झालीय, मॅडम"

पहाटे पाचला ऐरोलीहून रिक्षा पकडते. मांडीवर निळा आइसबॉक्स, पोलिओचे डोस घेऊन फिरणाऱ्या ताईंकडे असतो तसाच, फक्त आत लाळेचे नमुने घ्यायच्या नळ्या. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात नाईट करणाऱ्या सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांच्या मेंदूवर ताणाचा काय परिणाम होतो, हा माझ्या पीएचडीचा विषय.

आधी फॉर्म. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांची ताण मोजायची १९८३ची प्रश्नावली जगभर वापरतात, तीच मी मराठीत विचारते. गेल्या महिन्याभरात किती वेळा ताण आल्यासारखं वाटलं? "कधीच नाही"वर खूण करता करता बहुतेकजण म्हणतात, "सवय झालीय, मॅडम." सुरुवातीला माझा यावर विश्वास बसायचा. आता हे शब्द ऐकले की पोटात खड्डा पडतो.

मग बटणाची चाचणी. दहा मिनिटं रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसायचं. दोन ते दहा सेकंदांत कधीही मिलिसेकंदांचे आकडे धावायला लागतात, लागले की बटण दाबायचं. ताज्यातवान्या माणसाला पाव सेकंद पुरतो. अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं की लक्ष सुटलं असं धरतात.

त्या दिवशी समोर बसलेल्या सिस्टरची सलग चौथी नाईट होती. नोकरी वीस वर्षांवर झालेली. सहा-सात मिनिटं झाली असतील, आकडे धावू लागले आणि धावतच राहिले. पाचशे, नऊशे, बाराशे. त्यांचे डोळे उघडे होते, नजर स्क्रीनवरच होती. मग बोट खाली आलं. चाचणी संपल्यावर विचारलं, मध्ये डुलकी लागली होती का? "नाही गं, लगेच तर दाबलं." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

लगेच उठून त्या सकाळचं इन्सुलिन भरायला गेल्या. लाल टोपीची ४० युनिटवाली सिरिंज उजेडाकडे धरली, रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या, दुसऱ्या सिस्टरला दाखवली आणि मगच पेशंटकडे वळल्या. मी तिथेच उभी राहून बघत होते. हा दुसऱ्यांदा मोजायचा शिरस्ता नसता तर?

२००३ मध्ये अमेरिकेत ४८ निरोगी माणसांवर झालेला एक प्रयोग मला पाठ आहे. काहींना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. थोड्या दिवसांनी त्यांना स्वतःला फारशी झोप येतेय असं वाटेना. पण याच बटणाच्या चाचणीत चुका दिवसागणिक वाढतच गेल्या, एकदोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतक्या. म्हणजे सवय होते ती थकवा न जाणवण्याची. मेंदूला झोप न मिळण्याची सवय होत नाही.

त्यात ताण आला की कपाळामागचा विचार करणारा भाग मागे पडतो आणि हाताला पाठ झालेल्या गोष्टी पुढे येतात. इन्सुलिन दोनदा मोजणं हाताला पाठ आहे म्हणून ते होतं. पण एखाद्या पेशंटचं काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं दिसू लागलं, तर ते ओळखायला तोच मागे पडलेला भाग लागतो. पहाटे चार वाजता!

निवासी डॉक्टरांची वेगळीच तऱ्हा. १९९२च्या केंद्राच्या नियमांत सलग काम सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावं असं आहे. मला सकाळी सहाला लाळ देणारा मुलगा आदल्या सकाळी आठला आला होता. मला याचा राग येतो, आणि प्रबंधात तो लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

लाळ घेतो ती कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनसाठी. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते चढून शिखर गाठतं, म्हणून उठल्या उठल्या एक नळी आणि मग ठरावीक वेळाने आणखी दोन. तोवर चहा नाही, दात घासणं नाही. पण नाईटवाल्यांची "सकाळ" कुठली धरायची? म्हणून नळ्या घरी न्यायला देते आणि वेळ लिहायला सांगते.

त्या सिस्टरची पिशवी दुसऱ्या दिवशी आली. तीन नळ्या, प्रत्येकीवर पट्टी, वॉर्डातल्या चार्टसारखं नीटस अक्षर. पहिलीवर लिहिलं होतं: "झोपले ११.२०. उठले १२.५०, मुलाच्या व्हॅनवाल्याचा फोन. परत झोप नाही."