सोप्यातली शाळा

आमच्या बाबूचं नाव गावच्या सरकारी मराठी शाळेच्या हजेरीपटावर आहे, पण त्याची शाळा आमच्या सोप्यात भरते. हे ऐकलं की पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे ट्यूशन काय?" ट्यूशन नव्हे. सरकारी योजना आहे, तिचं नाव गृहाधारित शिक्षण, आणि ती पदरात पडायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ज्यांच्या घरी असं मूल आहे अशा दोघी-तिघी "सगळं एकदा लिहून काढ" म्हणाल्या, म्हणून लिहायला बसले.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं. माझं माहेर चंदगड तालुक्यात. घरात मराठी, बाजारात जमेल तसं कन्नड, आणि ऑफिसात गेलं की नुसतं "हूं री, हूं री". बाबूला सेरेब्रल पाल्सी आहे. मान धरायला त्याला तीन वर्षं लागली. टेकून बसतो, बोलत नाही, हात मनासारखे चालत नाहीत. समजतं मात्र सगळं. शेजारणीने सासूबाईंच्या कानात काही सांगितलं तरी हा तिकडं बघून हसतो.

२०२२ च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलं. गुरुजींनी काही आढेवेढे घेतले नाहीत. पहिले पंधरा दिवस ह्यांनी त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडलं. मग पाऊस लागला. आमच्याकडं पाऊस लागला की गल्लीतून म्हशीसुद्धा बेतानं चालतात, पोराला पाठीवर घेऊन जाणं लांबच. त्यात एक दिवस वर्गातच फिट आली, मुलं रडायला लागली, आणि मी त्याला घरी ठेवलं. ऑगस्टपर्यंत हजेरीपटावर नुसत्या गैरहजेरीच्या खुणा. कुणी म्हणालं, नाव काढा आणि शहरातल्या हॉस्टेलच्या खास शाळेत घाला. तहान लागली तरी सांगता न येणारं सात वर्षांचं पोर हॉस्टेलला? दुसऱ्या एकाने ओपन स्कूलचं सुचवलं. तेही वाईट नाही, एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय ओपन स्कूलची, 'अ' पातळी तिसरीच्या बरोबरीची असते. पण मला त्याचं नाव गावातल्या पोरांच्याच यादीत हवं होतं. हट्ट म्हणा.

वाट दाखवली अंगणवाडीच्या बाईंनी. "घरी येऊन शिकवायची सोय असते गे, बीआरसीत विचारून बघ की." बीआरसी म्हणजे शिक्षण खात्याचं तालुक्याचं साधन केंद्र.

तोवर मला वाटायचं, शिक्षण हक्क कायदा म्हणजे शाळेत जायचा हक्क. कायदा २००९ चा, पण २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरून शिकायचा पर्याय मिळाला. पर्याय हा शब्द घट्ट धरून ठेवा. निवड आई-बापाची असते. शाळेला जड होतं म्हणून पोराला घरी धाडता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हा पर्याय चालू ठेवलाय, आणि घरून शिकणाऱ्या मुलाला इतर मुलांच्या बरोबरीचं मानावं असं स्पष्ट म्हटलंय. पैसा समग्र शिक्षा योजनेतला, साठ टक्के केंद्राचा आणि चाळीस राज्याचा. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर पहिल्या खेपेला एवढी खाली मान घालून बसले नसते.

पहिल्यांदा लागतं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र. ते नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग सरकारी दवाखान्यात डॉक्टर तपासतात. आमची गाडी अडली ती नावात. जन्मदाखल्यावर बाबूच्या कागदावरच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'ए' आहे, आधारवर नाही. मराठी नाव, लिहिणारा कधी कन्नड वळणाने लिहितो, कधी आपल्या. 'ए' येतो आणि जातो. सीमाभागातल्या निम्म्या घरांत हे दुखणं असणार. तेव्हा पोर रांगायच्या आतच जन्मदाखला आणि आधार शेजारी-शेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आधार दुरुस्तीला गेलो तर म्हणे पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसेही द्यायला हवेत. बाबूच्या मुठी आवळलेल्या. ओढाताण केली की आणखी आवळतात. मी बाटलीतलं कोमट पाणी रुमालावर घेऊन त्याचा तळवा चोळत बसले, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबत. एकेक बोट सुटलं, पण काचेवर टेकवलं की पुन्हा मूठ. मशीनवरचा पोरगा चांगला होता. "राहू दे मावशी, डोळ्यांचं घेतो," म्हणाला, आणि बाबूला हसवून हसवून त्याने बुबुळांचा फोटो घेतला. तेवढ्यात मागची रांग दारापर्यंत गेली होती, पण कुणी 'च' केलं नाही.

दवाखान्याला तीन खेपा झाल्या. शेवटी ८५ टक्के असा आकडा पडला. एरवी पोराचे टक्के पंच्याऐंशी आले की घरात पेढे आणतात, असं हे रिक्षात बसल्यावर म्हणाले. मग दोघंही गप्प बसलो.

कार्ड आल्यावर अर्ज. तो मुख्याध्यापकांच्या मार्फत तालुक्याला जातो. गुरुजींना मराठी अर्ज चालला असता, पण पुढं वाचणाऱ्याला कन्नडच लागणार. बेळगावात कॉलेजला असलेल्या भाच्याला बोलावलं. 'विशेष अगत्यवुळ्ळ मगु', म्हणजे विशेष गरजा असलेलं मूल, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अगत्य म्हणजे आपल्याकडं पाहुण्यांचं करतात ते. कन्नडात त्याचा अर्थ गरज. मला आपला शब्दच जास्त आवडला. अगत्याचं पोर.

अर्जाबरोबर कार्डाची प्रत, जन्मदाखला, डॉक्टरांचा कागद आणि शाळेचं पत्र. ह्याखेरीज शाळेकडून एक काम करून घ्यायचं राहतं आणि तेच बहुतेकजण विसरतात: सॅट्स या ऑनलाइन नोंदीत मुलाच्या नावापुढं अपंगत्वाचा प्रकार भरलाय का, हे डोळ्यांनी बघून यायचं. आमचा तिथला रकाना कोराच होता. कागद मंजूर, नोंद नाही, मग यादीत नाव कुठून येणार? दोन महिने आम्ही वाट बघत बसलो. भावजीनं चंदगडहून फोन केला, "अजून काय नाही? इकडं आण त्याला, मराठीत तरी होईल सगळं." मी म्हटलं, सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमचा अर्ज त्याच्याआधी निघेल.

निघाला. जून २०२३ मध्ये एका सकाळी स्कूटरवरून मॅडम आल्या. तालुक्याच्या खास शिक्षिका, ऑफिसच्या भाषेत बीआयईआरटी. बोलणं पक्कं कन्नड, मराठी मोडकी. मला वाटलं, आल्या आल्या पाटी-पेन्सिल काढतील. त्यांनी अर्धा तास त्याला हातही लावला नाही. मी त्याला नाष्टा भरवत होते ते बघत भिंतीला टेकून बसल्या.

मग बाबूपुढं दोन वस्तू ठेवल्या, त्याचा पाण्याचा कप आणि लाल चेंडू. "कप कुठला?" असं मला मराठीत विचारायला लावलं. मी विचारलं आणि लगेच त्याचा हात धरून कपाला लावला. मॅडम म्हणाल्या, "अक्का, स्वल्प तडीरी." थोडं थांबा. मनात दहा मोजा आणि हात मागं ठेवा. मी हात पदरात गुंडाळले. पाचपर्यंत काही नाही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "कशाला गे तरास देऊलीस त्याला." सहा, सात. आठावर त्याची मान डावीकडं लवली आणि डोळे कपावर जाऊन थांबले. मॅडमनी वस्तूंची अदलाबदल केली, पुन्हा विचारायला लावलं. या वेळी नवावर डोळे उजवीकडं, कपावरच. सासूबाईंच्या सुपातला हात तसाच राहिला.

सात वर्षं मी प्रश्नही विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते. त्याला लागत होती ती आठ-नऊ सेकंदं.

मॅडमचा तो आठवड्याचा एक तास बाबूला शिकवण्यासाठी नसतोच, तो मला शिकवण्यासाठी असतो. हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी चहा करायला आत जायचे! त्यांनी बाबूसाठी वैयक्तिक आराखडा केला, तीन-तीन महिन्यांचा: डोळ्यांनी होय-नाही सांगणं, मदतीने चमचा धरणं, एक ते पाच ओळखणं. आराखडा कन्नडात, म्हणून मी तो विचारून विचारून माझ्या वहीत मराठीत उतरवून घेतला. पहिल्यांदा त्या अक्षरांची कार्डंही कन्नडच घेऊन आल्या होत्या. मी चाचरत म्हटलं, शाळा मराठी माध्यमाची आहे. वाद झाला नाही. शाळेतून मिळालेलं पहिलीचं मराठी पुस्तक घेतलं, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मार्करने तळहाताएवढी अक्षरं काढली. 'ळ' काढून दाखवताना मॅडम म्हणाल्या, हे तर आमच्याकडंही आहे. त्या आता मराठी बऱ्यापैकी वाचतात, आणि बाबू "बा" म्हटलं की कन्नडातलं "ये" समजून हसतो.

रोजची शाळा अकराला, भाकरी झाल्यावर. आकडे शिकवले काजूबियांवर, कारण मेमध्ये घरात त्याच असतात आणि त्या त्याच्या मुठीत मावतात. एक बी, दोन बिया, मापट्यात टाकायच्या. टाकलेली बी टण्णकन वाजते, त्या आवाजासाठी तो मूठ उघडायला शिकला. डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाने जे होत नव्हतं ते मापट्याने केलं. खुर्चीसाठी शिबिरात मापं घेतली होती. खुर्ची दहा महिन्यांनी आली, तोवर पोर चार बोटं वाढलेलं. गावच्या सुताराने फणसाच्या फळीला पोटाजवळ अर्धगोल कापून टेबल करून दिलं, ते अजून चालतं.

पैशाचं एकदाच स्पष्ट सांगते, कारण विचारणाऱ्या सगळ्या तेच विचारतात. योजनेत दर मुलामागं वर्षाला ३५०० रुपये धरलेले असतात, पण ते साधनं आणि सेवांसाठी, आईच्या हातात देण्यासाठी नव्हेत. मुलगी असेल तर महिन्याला २०० रुपये विद्यावेतन दहा महिने असतं, ते जरूर विचारा. मासिक पेन्शन ही वेगळी गोष्ट, तिचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीत.

आणि तक्रारही लिहिते. आठवड्याचा तास कागदावर असतो. एका शिक्षिकेकडं इतकी गावं की जुलै-ऑगस्टात आमच्याकडं तीन-तीन आठवडे कुणी फिरकत नाही. मॅडम व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ मागवतात, "पाय असा नको, तसा" सांगतात, पण स्क्रीनवरून पाठीचा कणा सरळ होत नाही. भेटीच्या वहीवर आपली सही घेतात. ज्या दिवशी भेट झाली त्याच दिवसाची करा, मागचं-पुढचं एकत्र नको. जिच्या घरी आईच रोजंदारीला जाते तिने अकरा वाजता कुणाच्या जिवावर काजूबिया मोजायच्या, याचं उत्तर मला कुठल्याच कागदात सापडलं नाही. आमच्याकडं सासूबाई आहेत म्हणून निभावलं.

मी गुरुजींकडं एकच मागितलं होतं: तो नसला तरी हजेरीत त्याचं नाव मोठ्याने घ्या. ते घेतात. शेजारची पोरगी शाळेतून परत येताना आमच्या दारात थांबते आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून सोप्यात हजेरी घेते. सगळ्या वर्गाची नावं तिला पाठ आहेत. बाबूचं नाव घेतलं की ती गप्प राहते, बोटांवर मोजते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, दारातून बघून बघून शिकली. बाबू तिच्याकडं बघतो आणि ती हवेतच बरोबरची खूण करते.

यंदा पुढच्या वर्गाचा अर्ज पुन्हा द्यायचा होता. भाचा पुण्याला नोकरीला गेलाय. मी जुना अर्ज समोर ठेवून नवा स्वतःच कन्नडात लिहिला, दोन रात्री घालून. मॅडमनी चहा पिता पिता वाचला. दोन चुका निघाल्या, त्यांतली एक बाबूच्या नावात.