माझा अनुभव: प्रसूती आणि आजारपणाची रजा कागदावर नीट बसवताना

प्रसूती रजेचा अर्ज हातात आला की मी तारखा नंतर बघते, आधी पगारपत्रक काढते. अर्जदार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) आहे की नाही एवढं कळलं की अर्धं काम उरकलं. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयचं कव्हर असेल, तर २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ तिच्या बँक खात्यात भरतं. त्यासाठी लगतच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे योजनेत भरलेली वर्गणी, लागतं. ईएसआयबाहेर असेल, तर सगळा भार कंपनीवर.

घोळ होतो तो पगारवाढीत. जुलैत वाढ मिळून पगार मर्यादेच्या वर गेला, की अकाउंट्सवाले त्याच महिन्यापासून ईएसआय कापणं थांबवतात. ते चूक आहे. अंशदान कालावधी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे दोन असतात. मधेच मर्यादा ओलांडली, तरी चालू कालावधी संपेपर्यंत कपात करावीच लागते. ती थांबवली की दिवस कमी भरतात, क्लेम अडकतो आणि नववा महिना लागलेली मुलगी ईएसआयच्या ब्रँच ऑफिसच्या पायऱ्या चढत राहते.

कंपनीने द्यायचे असतील तर नियम सोपे, हिशेब मात्र चुकतो. पात्रतेला अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम लागतं. अर्जाच्या दिवशी ६५ भरले असतील, तर नकार देऊ नका. रजेवर जाईपर्यंत ते ८० होऊ शकतात. प्रोबेशन किंवा कंत्राट आहे म्हणून हक्क जात नाही. रजेच्या मधेच करार संपला तरी लाभ पुढे द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात सांगितलंय. दोन किंवा अधिक मुलं असतील तर १२ आठवडे मिळतात, शून्य नाही. ‘तिसऱ्याला काही नसतं’ हे मी बऱ्याच अनुभवी माणसांच्या तोंडून ऐकलंय.

आता आकडा. रोजचे ९०० रुपये आणि महिन्याला २६ हजेऱ्या, म्हणजे २३,४००, ईएसआयबाहेर. बरेच जण आठवड्याचे सहा दिवस धरून २६ आठवड्यांचे १५६ दिवस करतात: १,४०,४०० रुपये. बरोबर हिशेब १८२ दिवसांचा: १,६३,८००. रविवारही धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ सालच्या बी. शाह निकालापासून पक्कं आहे. फरक बरोब्बर एका महिन्याच्या पगाराइतका पडतो. रोजच्या वेतनाची सरासरी काढताना रजेआधीचे तीन कॅलेंडर महिने आणि त्यांतले कामाचे दिवस घ्यायचे. शिवाय कंपनीने बाळंतपणाची सोय मोफत केली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. २६ आठवडे आणि ८० दिवस तेच राहिले, वेतनाची व्याख्या मात्र बदलली. मूळ पगार कमी ठेवून भत्ते फुगवले असतील, तर वेतनातून वगळलेल्या भत्त्यांचा एकूण पगाराच्या ५० टक्क्यांवरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. पगाराची रचना आधी तपासा, मगच गुणाकार करा.

पैसे दोन हप्त्यांत जातात. गरोदरपणाचा दाखला मिळाला की प्रसूतीपूर्व दिवसांचे आगाऊ, आणि प्रसूतीचा दाखला मिळाल्यापासून ४८ तासांत उरलेले. दरमहा पगाराबरोबर देण्याची पद्धत सर्रास दिसते. तिची मर्जी असेल तर तसं तिच्याकडून लेखी घ्या. प्रसूतीपूर्व रजा जास्तीत जास्त आठ आठवडे आहे, सक्तीची नाही. सगळे २६ आठवडे बाळंतपणानंतर घेतले तरी चालतात. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे मात्र तिला कामावर बोलवायचंच नाही, अगदी ‘दोन तास घरून बघून दे’ असंही नाही.

आजारपणाची गोष्ट वेगळी. ईएसआयचा आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि त्याआधीच्या अंशदान कालावधीत ७८ दिवसांचं अंशदान लागतं. मेमध्ये पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेला कामगार नोव्हेंबरात आजारी पडला, तर उपचार मिळतील, रोख पैसे नाहीत. त्याचा लाभ नऊ महिने भरल्यावर, फेब्रुवारीत सुरू होतो. हे जॉइनिंगच्याच दिवशी सांगून ठेवावं. त्याच दिवसांची पगारी रजा मस्टरवर टाकून वर ईएसआयचा क्लेमही करता येत नाही. कुठल्या दिवसाचं काय, ते कामगाराला विचारून एकदाच ठरवा. आणि ईएसआयच्या पोर्टलवर महिन्याच्या अंशदानात शून्य दिवस भरताना कारण ‘रजेवर’ निवडा. घाईत ‘नोकरी सोडली’वर क्लिक झालं की त्याचा आयपी (विमाधारकाचा) नंबर कंपनीपासून सुटतो, आणि परत जोडताना नाकीनऊ येतात.

सासूबाईंचं ऑपरेशन, बाळाच्या बापाची रजा, यांसाठी खासगी नोकरीत कायद्याने वेगळी रजा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या आठ किरकोळ रजा आणि साठलेल्या अर्जित रजा एवढंच हाताशी असतं. बाकी कंपनीच्या धोरणावर. म्हणून धोरण लिहून ठेवा, नाहीतर सुपरवायझर आपल्या माणसाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा लावतो.

डॉक्टरचा दाखला सुपरवायझरकडे जायची गरज नाही. त्याला फक्त तारखा कळवायच्या. निदान असलेला कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला मी पाहिलाय, तेव्हापासून दाखले वेगळ्या फाइलमध्ये, कुलपात.

रजेवर जातानाच परतीची तारीख असलेलं पत्र हातात द्या. बदली माणूस घेताना त्याच्या करारात महिनाभराची ढील ठेवा, कारण गरोदरपणामुळे आजारपण आलं तर तिला आणखी एक महिना मिळतो. परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन जादा ब्रेक, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर, तिथे दिवसातून चार फेऱ्या. या वेळा शिफ्टच्या तक्त्यावर छापून लावल्या, की रोज उठून परवानगी मागावी लागत नाही.