चोळा पॉवर हाऊस, नोंद चौथी: पाण्याच्या मागावर

चोळा पॉवर हाऊस म्हणजे कल्याणजवळ ठाकुर्लीच्या चोळेगावातलं रेल्वेचं कोळशावरचं जुनं वीजकेंद्र. आधी एक दुरुस्ती. रेल्वेने डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) सोडून एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) घेतली म्हणून ठाकुर्लीचं पॉवर हाऊस बंद पडलं, असं मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं. ते चूक आहे. पॉवर हाऊस थंडावलं ऐंशीच्या दशकात, आणि मुंबईतली शेवटची १५०० व्होल्ट डीसी हार्बरवर २०१६ पर्यंत चालू होती. शिवाय इथले जनित्रसंच एसीच तयार करायचे. तिची डीसी व्हायची ती मार्गावरच्या सबस्टेशनांत.

रविवारी ओहोटीची वेळ साधून ठाकुर्लीहून पत्रीपुलाच्या दिशेने चालत गेलो. आवार रेल्वेचं आहे, परवानगीशिवाय आत जायचं नाही हा माझा नियम कायम. पण यावेळी भिंती बघायच्याच नव्हत्या. चोळेगावालाच का बांधलं, हे समजून घ्यायचं होतं.

उत्तर खाडीकाठी उभं राहिलं की दिसतं. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं. ती कंडेन्सरमध्ये आकसते, तिथे निर्वात तयार होतो आणि त्या ओढीमुळे टर्बाइनला वाफेतून जास्त काम मिळतं. त्यासाठी थंड पाणी लागतं, तेही रात्रंदिवस आणि बॉयलरमधल्या पाण्याच्या कितीतरी पट. ते उल्हास नदीच्या खाडीत आहे. कोळसा आणायला रूळ दारातच. आणि कल्याणला फाटा फुटतो: एक मार्ग कर्जतवरून बोरघाटात, दुसरा कसाऱ्यावरून थळघाटात. दोन्हीकडे ३७ला १ चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. गाड्या वर ओढायला वीज लागणार होती ती तिथेच.

तारखा शेजारी ठेवल्या की चित्र आणखी स्पष्ट होतं. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती टाटांच्या विजेवर. टाटांची जलविद्युत केंद्रं तेव्हा जवळच होती: खोपोली १९१५चं, भिवपुरी १९२२चं. तरीही जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे तेव्हाची इथली रेल्वे कंपनी) १९२९मध्ये कोळशावरचं स्वतःचं केंद्र उभं केलं. त्याच वर्षी विजेच्या गाड्या पुण्यापर्यंत पोहोचल्या, १९३०मध्ये इगतपुरीपर्यंत. घाटातल्या मालगाड्या ओढणारं ‘खेकडा’ इंजिन, डब्ल्यूसीजी-१, याच काळातलं. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ते बघितलं तेव्हा त्याच्यामागे ठाकुर्लीची भट्टी उभी असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आता ते इंजिन आठवलं की आधी कोळसा आठवतो.

परतताना रेल्वे कॉलनीत वाढलेल्या एका काकांकडे चहा झाला. लहानपणी त्यांची शाळेची वेळ पॉवर हाऊसच्या भोंग्यावर ठरायची, आणि वारा फिरला की त्यांची आई दोरीवरच्या कपड्यांवरची राख आधी झटकायची, मग घडी घालायची. चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली आहेत, काकांनी हो म्हटल्यावरच. या छंदात इतकं मोलाचं मला अजून काही मिळालेलं नाही. भिंती पाडल्या तरी त्यांचे फोटो उरतात. भोंगा किती वाजता व्हायचा हे सांगणारी माणसं मात्र आता सत्तरीच्या पुढे आहेत.

ओहोटीत काठाला दगडी बांधकामाचा तुकडा उघडा पडलेला दिसला. जागा जीपीएसवर नोंदवली आहे, जुन्या नकाशावर ठेवून बघतो. पुढच्या खेपेला भरतीच्या वेळी जाणार आहे. पाणी कुठवर चढतं ते गाठी मारलेल्या दोरीने मोजायचं आहे.