डोके एका कारणाने उठत नाही

अर्धशिशीचा झटका ओसरला की घरचे आणि कार्यालयातले सहकारी एकच प्रश्न विचारतात, "काल काय खाल्लं होतंस?" या प्रश्नामागे एक समजूत आहे. डोके उठण्याला त्या दिवशीची एखादीच गोष्ट कारणीभूत असते, ती हुडकून काढली आणि वर्ज्य केली की दुखणे थांबेल, अशी ती समजूत. कॉलेजात असल्यापासून मी या आजाराबरोबर राहते आहे आणि माझे ठाम मत असे आहे, की या समजुतीमुळे आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांचे, विशेषतः बायकांचे, नुकसान होते. ताटातला एकेक पदार्थ कमी होत जातो आणि दुखणे मात्र आहे तिथेच राहते.

अर्धशिशीला निमित्त होणाऱ्या गोष्टींना डॉक्टर ट्रिगर म्हणतात आणि आता रुग्णांच्या तोंडीही तोच शब्द आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत १,२०७ रुग्णांना त्यांचे ट्रिगर विचारले होते. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के लोकांनी आपल्याला ट्रिगर असल्याचे सांगितले. मानसिक ताणाचे नाव सुमारे ८० टक्क्यांनी घेतले; त्याखालोखाल स्त्रियांमध्ये हार्मोनचे चढउतार (६५ टक्के), जेवण चुकणे (५७), हवामान (५३), झोपेची गडबड (५०) आणि उग्र वास (४४) अशी क्रमवारी लागली. हे आकडे एकत्र केले तर बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते, कारण बहुतेकांना एकाहून अधिक ट्रिगर असतात. परंतु ते ट्रिगर एकमेकांशी कसे जोडले जातात, हे अशा यादीवरून कळत नाही.

त्या दृष्टीने मला डेन्मार्कमधला २०१३ सालचा एक छोटा प्रयोग अधिक बोलका वाटतो. प्रखर प्रकाशाने किंवा जोराच्या व्यायामाने आपले डोके हमखास उठते, असे सांगणारे २७ रुग्ण संशोधकांनी निवडले. या सर्वांना डोळ्यांपुढे चमचमत्या रेषा दिसणाऱ्या प्रकारची, म्हणजे ऑरा असलेली अर्धशिशी होती. त्यांना मुद्दाम तोच प्रकाश आणि तोच व्यायाम दिला, तेव्हा केवळ तिघांना त्यांचा नेहमीचा झटका आला आणि आणखी तिघांना ऑराविना अर्धशिशी झाली. उरलेल्या एकवीस जणांना झटका आलाच नाही. ते रुग्ण खोटे बोलत होते असा याचा अर्थ मी लावत नाही. ज्या दिवशी त्यांचे डोके खरोखर उठले होते, त्या दिवशी प्रकाशाच्या जोडीला आणखी काहीतरी असणार आणि प्रयोगशाळेतल्या त्या सकाळी ते नसणार, असा अर्थ मला अधिक पटतो.

अर्धशिशी असलेल्या मेंदूची घडण पाहिली की हे नीट समजते. एकच आवाज किंवा प्रकाशाचा एकच झोत पुन्हापुन्हा मिळाला की सामान्यतः मेंदूला त्याची सवय होते आणि त्याचा प्रतिसाद मंदावतो. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांमध्ये दोन झटक्यांच्या मधल्या काळात ही सवय पुरेशी होत नसल्याचे मेंदूच्या विद्युत चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे इतरांच्या बाबतीत विरून जाणारी गोष्ट आमच्याकडे शिल्लक राहते आणि पुढची तिच्यावर येऊन पडते. ही जमा एका मर्यादेपलीकडे गेली की चेहऱ्याची आणि मेंदूभोवतीच्या आवरणांची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल मज्जातंतूची यंत्रणा जागी होते, तिच्या टोकांपासून सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते आणि ठणका सुरू होतो. हे कोडे उलगडल्याबद्दल लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना मेंदूच्या संशोधनासाठी दिला जाणारा ब्रेन प्राइझ २०२१ साली मिळाला.

पुण्यात राहणाऱ्यांना हे खडकवासल्यावरून चटकन समजेल. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तिन्ही धरणांचे पाणी खाली खडकवासल्यात येते. ते आधीच काठोकाठ असेल तर एका रात्रीच्या पावसानेही मुठेत पाणी सोडावे लागते आणि निम्मे रिकामे असेल तर त्याच पावसाचा पत्ताही लागत नाही. फरक इतकाच, की धरणाची उंची ठरलेली असते, आमची मर्यादा मात्र रोज खालीवर होते. झोप झाली नाही, पाळी जवळ आली किंवा जेवण चुकले की ती खाली येते आणि एरवी सहज सोसलेली गोष्ट त्या दिवशी पुरेशी ठरते.

आपल्या घरांतले याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण भाद्रपदात सापडते. तृतीयेला हरतालिका येते. अनेक घरी हा उपवास निर्जळी असतो, त्यामुळे अन्न, पाणी आणि सकाळचा चहा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बंद होतात. रोजचा चहा अचानक सुटला की साधारण बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, म्हणजे नेमके त्याच रात्री किंवा दुसऱ्या पहाटे. रात्री जागरण, झिम्मा आणि फुगड्या. चतुर्थीला पहाटे उठून डोक्यावरून अंघोळ करायची, ओल्या केसांचा तसाच अंबाडा घालायचा आणि मोदकांच्या वाफेपुढे उभे राहायचे. प्रतिष्ठापना आणि नैवेद्य होईपर्यंत पोटात काही जात नाही. बंद खोलीत धूप, कापूर, उदबत्ती, समया आणि कानाशी वाजणाऱ्या झांजा.

यांतल्या केस धुण्याचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण पाश्चात्त्य याद्यांत तो नसतो. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली डोक्यावरून अंघोळ केल्यावर अर्धशिशी होणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत केवळ केस धुण्याने डोके उठणारे काही रुग्ण होते, तसेच दुसऱ्या ट्रिगरची जोड मिळाल्यावरच डोके उठणारेही होते. हा लेख वाचला तेव्हा मला मोठा दिलासा मिळाला होता, कारण तोवर "केस धुतल्याने कुठे डोकं दुखतं का?" हेच ऐकत आले होते.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो. एका वर्षी पंचमीला दुपारी विसर्जन आटोपले, पाहुणे निघाले, भांडी आवरून मी पलंगावर टेकले आणि तासाभरात उजव्या कानशिलात ठणका सुरू झाला. डोळा उघडवेना, मळमळ सुरू झाली, शेवटी उलटी झाली. सासूबाई मायेने लिंबूपाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ऋषीच्या भाजीतला अळू बाधला गं तुला, पित्त उसळलंय." त्या पंचमीला माझ्या ताटात शेवटी पडली ती ऋषीची भाजी, म्हणून दोष तिच्याकडे गेला. आपल्याकडे अर्धशिशीला पित्ताचे डोके म्हणतात तेही अशाच कारणाने. उलटी झाल्यावर अनेकांना बरे वाटते, म्हणून सगळे पित्तापायी झाले असे वाटते. वास्तविक मळमळ आणि उलटी हा झटक्याचाच भाग असतो.

तीन दिवसांचा हिशेब मांडला तर भाजीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. निर्जळी उपवास, सुटलेला चहा, अपुरी झोप, ओले केस, धूर, आवाज आणि सगळ्यात शेवटी ताण उतरणे. हे शेवटचे कलम लोकांना खरे वाटत नाही. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१४ साली रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ताण जास्त असताना नव्हे, तर तो कमी झाल्यानंतर झटक्याचा धोका वाढलेला दिसला आणि पहिल्या सहा तासांत तो जवळजवळ पाचपट होता. परीक्षा संपल्यावर, लग्नघर रिकामे झाल्यावर किंवा रविवारी सकाळी डोके का उठते, याचे उत्तर यात बरेचसे आहे. रविवारी तर उशिरा उठणे, उशिरा चहा आणि उशिरा नाश्ता हेही त्यात मिळतात.

बायकांच्या बाबतीत याच हिशेबात पाळी येते. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरलेले असते आणि त्या काळात मर्यादा खाली येते. सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घरोघर घेतल्या जातात, अनेकदा औषधांच्या दुकानातून परस्पर. ज्यांना झटक्याआधी चमचमत्या रेषा दिसतात त्यांनी तर अशी कोणतीही हार्मोनची गोळी डॉक्टरांना अर्धशिशीबद्दल सांगितल्याशिवाय घेऊ नये, कारण या प्रकारात इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. हे मी कळकळीने लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीतल्या फार थोड्या बायकांना ते ठाऊक आहे.

हिशेब मांडताना एक मोठी गफलत होण्याची शक्यता असते. डोके ठणकण्याच्या काही तास आधीच, कधी तर दोन दिवस आधी, झटका आत सुरू झालेला असतो. जांभया येतात, मान आखडते, लघवीला वारंवार जावे लागते, चिडचिड होते, गोड खाण्याची तीव्र इच्छा होते. जर्मनीत २०१६ साली एका रुग्णेच्या मेंदूचे महिनाभर रोज स्कॅन केले, तेव्हा दुखणे सुरू होण्याच्या आदल्या चोवीस तासांत हायपोथॅलॅमस या भागाचे काम बदललेले दिसले. भूक, झोप आणि हार्मोन यांचे नियमन हाच भाग करतो. त्यामुळे श्रीखंड खाल्ले म्हणून डोके उठले असे ज्याला वाटते, त्याला श्रीखंड खावेसे वाटले तेव्हाच झटका सुरू झालेला असणे अगदी शक्य आहे. चॉकलेटचे नाव प्रत्येक यादीत का असते, याचाही विचार या अंगाने करायला हवा. मान आखडली म्हणून उशी बदलणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

म्हणून नोंदवही ठेवायची तर फक्त डोके उठलेल्या दिवसाची ठेवून उपयोग नाही. मागच्या दोन दिवसांची झोप, जेवणाच्या वेळा, चहाचे कप, ऊन, प्रवास, पाळीची तारीख आणि घेतलेल्या गोळ्या असे सगळे लिहावे, आणि मुख्य म्हणजे डोके न उठलेल्या दिवसांचेही लिहावे. अळू खाऊन काहीही न झालेले दिवस लिहिलेच नाहीत तर अळू कायमचा गुन्हेगार ठरतो. माझ्या वहीत एकट्याने डोके उठवणारी गोष्ट जवळजवळ सापडत नाही. अपुऱ्या झोपेनंतर चुकलेला नाश्ता ही जोडी मात्र पुन्हापुन्हा येते, आणि त्यात एप्रिल-मेचे ऊन मिसळले की सुटका नसते.

सगळेच टाळत बसणे हा उपाय मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ पॉल मार्टिन यांनी अनेक वर्षे असे मांडले आहे, की प्रत्येक ट्रिगरपासून पळण्याने संवेदनशीलता वाढू शकते आणि काही ट्रिगरना तोंड द्यायला हळूहळू शिकणे अधिक हिताचे असते. शिवाय पाऊस, ऊन आणि पाळी आपल्या हातात नाहीत. हातात आहेत त्या झोपेच्या, जेवणाच्या, पाण्याच्या आणि चहाच्या वेळा. त्या सुटीच्या दिवशीही सांभाळायच्या आणि न टाळता येणारी गोष्ट समोर असेल तेव्हा बाकीच्या कमी करायच्या. आता हरतालिकेला मी पाणी, फळे आणि सकाळचा चहा घेते, केस आदल्या संध्याकाळी धुऊन वाळवते आणि जागरण जावांवर सोपवते. देवघरात धूप असतो, मात्र खिडकी उघडी असते. सासूबाईंना हे पटवायला वेळ लागला, आता त्याच मला "नाश्ता झाला का गं?" म्हणून विचारतात.

तरीही डोके उठतेच, कमी वेळा आणि कमी जोराने, पण उठते. त्या वेळी डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरुवातीलाच घ्यावी, कारण झटका भरात आल्यावर जठराची हालचाल मंदावते आणि गोळी नीट शोषली जात नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरच्या गोळ्या) अथवा एकाहून अधिक वेदनाशामके असलेल्या मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. तेव्हा गोळी हेही त्याच हिशेबातले एक कलम आहे. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन, फ्लुनॅरिझिन यांसारखी औषधे आपल्याकडे पुष्कळ काळापासून वापरात आहेत आणि सीजीआरपीला अडवणारी नवी इंजेक्शनेही आता आली आहेत. झोप आणि नाश्ता सांभाळूनही मर्यादा खालीच राहत असेल तर ती वर उचलण्याचे काम ही औषधे करतात आणि ती घ्यावी लागली म्हणून कोणाचा संयम कमी पडला असे होत नाही. मात्र आयुष्यात कधी नव्हे इतके डोके एकाएकी दुखले, सोबत ताप येऊन मान ताठली, हातपाय लुळे पडले किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे सुरू झाले, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालयात जावे.